राजमान्य राजेश्री ट्रस्टेडराव यांस खुले पत्र

राजमान्य राजेश्री ट्रस्टेडराव यांस,



आपलं खरं नाव मला ठाऊक आहे. पेढीच्या लोखंडी कपाटात आपली बिलं लावून ठेवलेली आहेत, त्यांवर आपली वळणदार सहीसुद्धा आहे. पण ते नाव इथे घेत नाही. आपल्या हातच्या कामाचे नमुने मी इतक्या सर्व्हर-खोल्यांत पाहिले आहेत की एकट्या आपल्यालाच श्रेय दिलं तर आपले बाकीचे गुरुबंधू रुसतील. तेव्हा आपण ज्या झोनवर एवढा जीव लावलात त्याच्याच नावाने आपल्याला हाक मारतो. गोड मानून घ्यावी.

पत्रास कारण की, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीचा सर्व्हर नव्या मशीनवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. जुना आपण बसवलेला, सेंटओएस 7 वर चालणारा. सेंटओएस 7 ला मिळणाऱ्या दुरुस्त्या 30 जून 2024 रोजी बंद झाल्या, पण पेढीवर कुणाला त्याचं सुतक नव्हतं. बिलं निघत होती ना! शेवटी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा मालकांनी हात सैल सोडला आणि नवं मशीन आलं. जुन्यावरचं नव्यावर नेण्याआधी काय कुठे आहे ते पाहावं म्हणून मी सर्व्हरला एक साधा प्रश्न विचारला: फायरवॉल-सीएमडी --गेट-ॲक्टिव्ह-झोन्स. म्हणजे, बाबा रे, तुझं कुठलं नेटवर्क कार्ड कुठल्या झोनमध्ये आहे?

उत्तर दोन ओळींत आलं. ट्रस्टेड. त्याखाली, इंटरफेसेस: ईएम-वन ईएम-टू.

ईएम-टूची तार भिंतीवरच्या स्विचमध्ये जाते. तिकडे दिवाणजींचा कॉम्प्युटर, गोडाउनमधला कॉम्प्युटर आणि दोन प्रिंटर. ईएम-वनची तार इंटरनेट कंपनीच्या डब्यात जाते, स्थिर पत्त्यासह. तिकडे बाकीची पृथ्वी. या दोन तारांत आपण तसूभरही भेदभाव केला नाहीत. सर्वांभूती समभाव संतांनी सांगितला. तो डेटाबेसच्या 3306 क्रमांकाच्या पोर्टवर उतरवून दाखवणारे आपणच.

पत्र खुलं आहे, त्यामुळे आपल्याखेरीज इतरही वाचणार. त्यांच्यासाठी थोडं सांगतो, आपण हवं तर जांभई द्या. पूर्वी लिनक्सवर आयपीटेबल्स नावाचं प्रकरण हाताने लिहावं लागे. एकाखाली एक नियम, क्रम चुकला की सगळं चुकलं. ते लिहिता येणारे थोडे आणि दुसऱ्याने लिहिलेलं वाचता येणारे त्याहून थोडे. रेड हॅटच्या लोकांनी त्यावर फायरवॉलडी आणला. 2013 च्या जानेवारीत फेडोरा 18 मध्ये तो मूळचा म्हणून आला आणि 2014 मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 मध्ये, म्हणजे ओघानेच आपल्या सेंटओएस 7 मध्येही. त्यातली मुख्य कल्पना अशी की नियमांकडे वळण्याआधी माणसाने सांगायचं, कुठल्या तारेच्या पलीकडे कोण आहे. तिकडच्या लोकांवर किती भरवसा ठेवायचा त्या मानाने तयार झोन दिलेले आहेत. ड्रॉप झोन दार वाजवणाऱ्याला ओसुद्धा देत नाही. ब्लॉक नकार कळवतो. पब्लिकमध्ये एसएसएच आणि असंच एखाददुसरं किरकोळ काम तेवढं चालतं. एक्स्टर्नल साधारण तसाच, पण आतल्या मंडळींना बाहेरचं इंटरनेट वाटून देण्याची सोय त्यात आहे. डीएमझेड, वर्क, होम, इंटर्नल असे मधले आणखी आहेत. आणि शेवटी ट्रस्टेड, ज्यात काहीच अडवलं जात नाही.

नियम दोनच लक्षात ठेवायचे. एक कार्ड एका वेळी एकाच झोनमध्ये. आणि ज्या कार्डाचा झोन कुणी सांगितलेला नाही ते मूलभूत झोनमध्ये जातं. हा मूलभूत झोन मूळ मांडणीत पब्लिक असतो. करणाऱ्यांनी फार विचार करून तसं ठेवलंय, कारण माणसं सांगायला विसरतात हे त्यांना माहीत होतं. माणसं विसरणार नाहीत, ठरवून टाळतील, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नसावं. त्यांची आणि आपली भेट झालेली नव्हती.

आता आपला इतिहास. रूट खात्याचा बॅश इतिहास आपण पुसायचा विसरलात, त्याबद्दल मनापासून आभार. त्यात तारखा नाहीत, पण क्रम आहे, आणि क्रमात अख्खी कादंबरी आहे.

पहिल्या प्रकरणात आपण लिहिलंत, फायरवॉल-सीएमडी --ॲड-पोर्ट=3306/टीसीपी. दिवाणजींच्या बिलिंगला डेटाबेस दिसत नव्हता, तो दिसायला लागला. झोनचं नाव आपण घातलं नाहीत, त्यामुळे पोर्ट मूलभूत झोनमध्ये उघडलं. दोन्ही कार्डं तिथेच होती, म्हणून ते दिवाणजींसाठी उघडलं आणि व्हिएतनामसाठीही. --परमनंट हा शब्दही घातला नाहीत, त्यामुळे पहिल्या रीबूटला सगळं पुसलं गेलं. सांगलीत वीज जाते, यूपीएसची बॅटरी मालक बदलत नाहीत, तेव्हा रीबूट हे तिथे ऋतुमानासारखं नेमानं येतं. पुढच्या पानांवर तीच ओळ पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा आहे. दर वेळी पेढीवरून फोन, दर वेळी आपली फेरी. बिलांशी ताडून पाहिलं, प्रत्येक फेरीचे पैसे आपण लावलेत. एका शब्दाच्या अभावावर इतकं उत्पन्न काढणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

मग कधीतरी कुठूनतरी आपल्याला --परमनंटचा साक्षात्कार झाला. ओळ बरोबर लिहिलीत. पण --परमनंट दिलं की नियम फक्त कायमच्या नोंदीत जातो. चालू घटकेला लागू व्हायला --रीलोड करावं लागतं. ते आपण केलं नाहीत. बिलिंग सुरू होईना. इथे एखाद्याने मॅन्युअलचं पान उघडलं असतं. आपण उघडलंत ते सेटएनफोर्स 0. बिचाऱ्या एसई-लिनक्सचा, म्हणजे दुसऱ्याच एका पहारेकऱ्याचा, यात काही संबंध नव्हता, पण लिनक्सवर काहीही बिघडलं की आधी त्याला झोडायचं ही आपल्या घराण्याची रीत. तरीही बिलिंग सुरू होईना, मग सिस्टीमसीटीएल स्टॉप फायरवॉलडी. झालं सुरू! आरोपी सापडला. फायरवॉल आपल्या कामात अडथळा आणते, असा निष्कर्ष आपण काढलात. ती त्याच कामासाठी असते हे आपल्याला सांगायचं कुणाच्या जिवावर आलं कोण जाणे.

फायरवॉल बंदच ठेवली असतीत तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं. बंद फायरवॉल प्रामाणिक असते. जो बघेल त्याला दिसतं की ती मेलेली आहे. पण पुढच्याच ओळीत आपण तिला पुन्हा सुरू केलंत. का, याचा उलगडा कपाटातल्या एका फाइलीत झाला. कसल्याशा ऑडिटची यादी आहे, त्यात प्रश्न आहे, सर्व्हरवर फायरवॉल चालू आहे का, आणि पुराव्यादाखल आपण स्क्रीनशॉट जोडलाय. हिरवागार. ॲक्टिव्ह, रनिंग.

कादंबरीतला सगळ्यात करुण भाग इथे आहे, आणि तो आपल्याला आजवर ठाऊक नसणार. फायरवॉल नव्याने सुरू झाली तेव्हा आपण आधी नोंदवलेला 3306 चा कायमचा नियम आपोआप लागू झाला होता. बिलिंग चालूच राहिलं. अडलं होतं ते फक्त साम्बाचं, म्हणजे गोडाउनच्या कॉम्प्युटरवरून दिसणारं सामायिक फोल्डर. --ॲड-सर्व्हिस=साम्बा एवढं लिहिलं असतंत तर तेही झालं असतं. ते चांगलं झालं नसतं, कारण दोन्ही कार्डं पब्लिकमध्येच होती. पण निदान उघडी दारं मोजता आली असती. आपला धीर मात्र तिथेच सुटला आणि आपण तो ब्रह्मास्त्राचा मंत्र टाइप केलात: फायरवॉल-सीएमडी --सेट-डिफॉल्ट-झोन=ट्रस्टेड.

या आज्ञेचं वैशिष्ट्य सांगतो, म्हणजे आपल्याला स्वतःचं कौतुक वाटेल. हिला --परमनंट लागत नाही. ही चालू घटकेलाही लागू होते आणि कायमची नोंदही हीच करते. आयुष्यभर जी गोष्ट आपण विसरत आलात तिची गरजच नसलेली नेमकी हीच आज्ञा आपल्या हाती लागावी, हा योग कुंडलीतच असावा लागतो. पेढीवरून फोन यायचे बंद झाले. बिलांच्या फाइलीतही त्यानंतर आपली फेरी नाही.

अख्ख्या इतिहासात मी एक गोष्ट शोधत होतो आणि ती मला सापडली नाही. आपण एकदाही कार्डाचं नाव टाइप केलेलं नाही. ईएम-वन नाही, ईएम-टू नाही. फायरवॉलडी आपल्याला एवढंच विचारत होता की कुठली तार कुठे जाते. खोक्याच्या मागे जाऊन वाकून पाहायचं आणि सांगायचं. ईएम-टू इंटर्नलमध्ये, ईएम-वन एक्स्टर्नलमध्ये, इंटर्नलला साम्बा आणि डेटाबेस उघडा, संपलं. जेवायच्या सुट्टीत होण्यासारखं काम. त्या एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागू नये म्हणून आपण केवढी यातायात केलीत!

वाड्याला दरवान ठेवायचा, त्याला गणवेश, काठी, शिट्टी द्यायची, पगार चालू ठेवायचा आणि कानात सांगायचं, येईल त्याला मुजरा करून थेट माजघरात सोड. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, पण त्या सोनुबाईने निदान वाळ्याचा फोटो काढून ऑडिटच्या फाइलीत लावला नव्हता.

आपण म्हणाल, बिघडलं काय? एवढी वर्षं चाललं ना! पेढीच्या मालकांनीही मला हेच विचारलं. हळदीच्या भावात कुणाला रस असणार, सर्व्हर कोण बघतंय? तर बघतंय असं कुणी नसतं आणि सगळेच असतात. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम दाखवला. एका साध्या मशीनवरून, गिगाबिट जोडणी असेल तर, इंटरनेटवरचे आयपी आवृत्ती चारचे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत एका पोर्टसाठी तपासून होतात. तेव्हापासून कुणी कुणाला निवडत नाही. सगळ्यांचीच दारं वाजवली जातात, उघडेल त्याच्या घरात शिरतात. 2017 च्या जानेवारीत मोंगोडीबीचे उघडे राहिलेले डेटाबेस हजारोंनी पुसले गेले आणि जागोजागी खंडणीची चिठ्ठी मागे ठेवली गेली. त्यात कुणाचं वैर नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात साम्बामधलं एक भगदाड जाहीर झालं, 3.5.0 पासूनच्या आवृत्त्यांत असलेलं. ज्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा आहे तिथे एक फाइल टाकायची आणि सर्व्हरकडून ती चालवून घ्यायची. आपल्या गोडाउनच्या फोल्डरला पासवर्ड नव्हता, लिहायची मुभा सर्वांना होती आणि ईएम-वन ट्रस्टेडमध्ये होतं. साम्बाची दुरुस्ती बाकीच्या अपडेटांबरोबर आपोआप येऊन पडली होती, एवढाच काय तो पेढीच्या कुलस्वामिनीचा आशीर्वाद.

कुणी आत येऊन गेलं का? हा प्रश्न मालकांनी विचारला आणि याचं उत्तर देता येऊ नये अशीच व्यवस्था आपण करून ठेवली आहे. फायरवॉलडीला नाकारलेल्यांची नोंद ठेवायला सांगता येतं. लॉग-डिनाइड नावाची सोय आहे, मुळात बंद असते. ती चालू असती तरी उपयोग शून्य, कारण ट्रस्टेडमध्ये कुणाला नाकारलंच जात नाही, मग नोंद कशाची करणार? उरल्या बाकीच्या नोंदी. सेंटओएसच्या मूळ मांडणीत त्या दर आठवड्याला फिरतात आणि चार मागच्या तेवढ्या राहतात. म्हणजे महिन्याभरापूर्वीचं विचारूच नका. सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश आपल्या वाचनात आले नसावेत. त्यांत नोंदी 180 दिवस ठेवा असं आहे, आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा असं आहे. आपण सहा तासांचा प्रश्न मुळातच निकालात काढलात. लक्षातच आलं नाही तर घड्याळ सुरू कुठून होणार?

आपली बाजूही मी ऐकून घेतली आहे. प्रत्यक्ष नव्हे, पण आपले गुरुबंधू भेटतात आणि त्यांची वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, ते टेंपररी होतं. फायरवॉलडीला टेंपररी कळतं, महाराज. --ॲड-पोर्टच्या मागे --टाइमआउट=15एम लिहा, पंधरा मिनिटांनी तो स्वतः दार लावून घेतो. ही सोय आपल्यासारख्यांसाठीच केलेली आहे.

दुसरं, कार्डांची नावं बदलतात, म्हणून नावाने काही करण्यात अर्थ नाही. एके काळी हे खरं होतं. ईटीएच-झिरो आणि ईटीएच-वन रीबूटनंतर आपसांत जागा बदलू शकत, आणि आतल्या तारेचे नियम बाहेरच्या तारेला लागत. हा धोका ओळखूनच 2013 च्या जानेवारीत आलेल्या सिस्टीमडी 197 पासून कार्डाच्या जागेवरून ठरणारी नावं आली. आपल्या या डेलच्या मशीनवर तेच काम बायोसडेव्हनेम करतो, आणि ईएम-वन म्हणजे बोर्डावरचं पहिलं कार्ड. तारेच्या खाचेजवळ 1 आणि 2 छापलेलंही आहे, धूळ पुसली की दिसतं. शिवाय झोन नेटवर्कमॅनेजरच्या कनेक्शनलाच नेमून देता येतो; जुन्या पद्धतीच्या फाइलीत झोन=इंटर्नल अशी एक ओळ, किंवा एनएमसीएलआयने एक आज्ञा. सर्व्हर शंभरदा पडला-उठला तरी ती नेमणूक जागची हलत नाही.

तिसरं मात्र मला पटतं, थोडंसं. मोठी माणसंही करतात हो! 2014 च्या डिसेंबरात फेडोरा 21 ची डेस्कटॉप आवृत्ती आली तेव्हा तिच्या स्वतःच्या झोनमध्ये 1025 ते 65535 ही सगळी पोर्टं उघडी होती. घरच्या वापरात माणूस गांजू नये म्हणून. त्यावर जोरदार भांडण झालं. माझं मत भांडणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण त्यांनी त्या झोनला वेगळं नाव दिलं, आत काय उघडं आहे ते लिहिलं, आणि चारचौघांत शिव्या खाल्ल्या. आपण शिव्या दिवाणजींना खायला ठेवल्यात.

आता मूलभूत झोन ट्रस्टेड करण्यातली खरी गंमत. त्याचा परिणाम त्या दिवशी असलेल्या दोन कार्डांपुरता राहत नाही, पुढे येणाऱ्या प्रत्येक तारेला तो लागू होतो. नेट गेलं म्हणून कुणीतरी मोबाइल यूएसबीने जोडून सर्व्हरला इंटरनेट दिलं होतं; त्याची नोंद मला दिसली. तो मोबाइल ट्रस्टेड. पेढीच्या लेखापालांनी व्हीपीएन बसवलं, टन-झिरो नावाचा नवा इंटरफेस उगवला. तोही ट्रस्टेड, आणि लेखापालांच्या घरचा लॅपटॉप, त्यावर त्यांच्या चिरंजीवांनी उतरवलेल्या खेळांसकट, थेट डेटाबेसच्या शेजारी. जन्माला येणाऱ्या प्रत्येकाला आपण आधीच वर देऊन ठेवला होता.

नव्या मशीनवर रॉकी लिनक्स 9 आहे. कार्डांची नावं आता ईनो-वन, ईनो-टू. ईनो-टू इंटर्नलमध्ये, ईनो-वन एक्स्टर्नलमध्ये, आणि एक्स्टर्नलमधून एसएसएचसुद्धा काढून टाकलं. लेखापालांच्या व्हीपीएनला स्वतंत्र झोन, त्यातून फक्त त्यांना लागतं तेवढं पोर्ट. मूलभूत झोन ड्रॉप. उद्या कुणी नवी तार खोचली आणि ती चालली नाही तर फोन येईल, आणि यावाच. (मालक म्हणतात पुढे डॉकर बसवायचंय. डॉकरने बाहेर काढलेली पोर्टं फायरवॉलडीच्या झोनांना वळसा घालून जातात, हे आपल्या कानावर घालू नये असं माझं मन मला सांगत होतं. पण आता लिहून गेलो.)

दोन तारांच्या टोकांना मी कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या आहेत, बाहेर आणि आत अशा. पुढच्या माणसाने वाकायलाही नको. ऑडिटच्या फाइलीतला तो हिरवा स्क्रीनशॉट तसाच ठेवलाय, त्याच्या मागे मी आपल्या त्या दोन ओळींचं उत्तर छापून टाचलंय.

कळावे, लोभ आहेच, आपण पेढीकडे फिरकला नाहीत तर तो वाढेल.

आपला,
जो आपल्यामागून आला तो

ता. क. लॉग-डिनाइड आता चालू आहे. रोज रात्री अकराच्या सुमारास कुणीतरी ईनो-वनवर 5900 क्रमांकाचं पोर्ट वाजवतं आणि परत जातं. जुन्या सर्व्हरवर त्याच पोर्टवर व्हीएनसी, म्हणजे दुरून स्क्रीन हाताळायची सोय, चालू होतं, पासवर्डशिवाय. पत्ता पेढीच्याच इंटरनेट कंपनीच्या पट्ट्यातला आहे. ते आपण असाल आणि जुन्या सवयीने डोकावत असाल, तर तसं उलट टपाली कळवा, मालकांना विचारून व्हीपीएनची किल्ली देता येते का पाहू. आपण नसाल तर पत्र लिहीत बसू नका, फोन करा. सहा तासांतले थोडे तर हे पत्र लिहिण्यातच गेले आहेत.